जुनी जावा घेताना आधी नंबर पाहा, रंग नंतर

जुनी मोटारसायकल म्हणजे नवीन घेण्याची ऐपत नसलेल्याची सवारी, असा हिशेब आपल्याकडे वर्षानुवर्षे होता. बाजाराने आता तो उलटा करून टाकला आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून साठ वर्षांपूर्वी निघालेली जावा आज काही नव्या गाड्यांपेक्षा जास्त रकमेला विकली जाते. पूर्वी जो सांगाडा भंगारवाल्याच्या काट्यावर जात असे, तो लोक घासाघीस करून उचलतात, उभा करतात आणि लाख-दीड लाख सांगतात. या धंद्यात आपले मेकॅनिक आहेत, डेंटर-पेंटर आहेत, क्रोमवाले, लेथवाले, सीट शिवणारे आहेत. गाठीला चार पैसे असलेले आपले काही व्यापारीही आता शौकाने किंवा गुंतवणूक म्हणून खरेदीला उतरले आहेत. आणि जिथे जुन्या मालाला दाम येतो तिथे नक्कल मागोमाग येते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिन उघडून बसवण्याची विद्या आमची नाही. पण असल आणि नक्कल यांचा फरक करण्यातच आमचे आयुष्य गेले, आणि या शौकातल्या स्नेह्यांबरोबर सौद्याला बसण्याचे प्रसंग आम्हाला बरेच येतात. हातमागाची हिमरू घेऊन कोणी दुकानात आला की आम्ही आधी ती उलटी करतो. समोरची नक्षी कोणीही छापू शकतो; मागच्या बाजूचे सुटे धागे खोटे बोलत नाहीत. जुन्या मोटारसायकलचेही तेच आहे. गिऱ्हाईक टाकीवरची चकाकी पाहत राहते. पाहायचे असते ते खाली, आत आणि मागे.

जावा कोणती, येझदी कोणती

थोडा इतिहास माहीत असल्याशिवाय या मालाची पारख होत नाही, म्हणून तो सांगतो. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियाचे. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीचे मोटारसायकलचे काम घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ केले. आपल्याकडे मुंबईच्या इराणी घराण्याने म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सुरुवातीचे मॉडेल म्हणजे २५० सी.सी.ची ३५३, जिला शौकीन लोक ‘ए टाइप’ म्हणतात. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. दोन सायलेन्सर पाहून हिला दोन सिलिंडरची समजणारे गिऱ्हाईक आजही भेटते, आणि त्याचा गैरसमज दूर न करणारा विक्रेताही भेटतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जावा हे नाव मागे पडले आणि त्याच कारखान्याची गाडी येझदी म्हणून विकली जाऊ लागली. या नावाची एक गंमत आमच्या धंद्याशी जुळते. इराणातील यज्द हे शहर रेशमी कापडासाठी शतकानुशतके प्रसिद्ध. मार्को पोलोनेही तेथील ‘यज्दी’ कापडाची नोंद केली आहे. कारखानदार घराण्याचे मूळ त्याच शहराकडचे, आणि मोटारसायकलचे नाव त्यावरून आले असे सांगतात. येझदीची रोडकिंग १९७८ मध्ये आली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या कंपनीच्या हातून पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या सर्वस्वी वेगळ्या. आपला विषय त्या नव्हेत.

आता यातली मेख पाहा. साठच्या दशकातील जावाला जो भाव येतो तो नंतरच्या साध्या येझदीला येत नाही. दोन्हींचे घराणे एक, इंजिनाचा तोंडवळा एक, बरेच भाग इकडचे तिकडे बसतात. मग करणारा काय करतो? ऐंशीच्या दशकातील येझदी घेतो, लाल-मरून रंग मारतो, टाकीच्या बाजू क्रोम करतो, जावाचे बिल्ले लावतो आणि ‘आजोबांच्या काळची जावा’ म्हणून उभी करतो. पाहणारा भुलतो. पण आर.सी. बुकात उत्पादनाचे साल १९८२ लिहिलेले असेल तर टाकीवर काहीही लिहिलेले असो, ती जावा नाही. त्या साली म्हैसूरहून जावा नावाची गाडी निघतच नव्हती. कापडाच्या थानावर मिलचा छाप एक आणि बिलावर मिल दुसरी, असाच हा प्रकार.

नंबराची परीक्षा

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की, गाडी सुरू करण्यापूर्वी, रंगाची तारीफ ऐकण्यापूर्वी नंबर पाहावेत. चासी नंबर हँडलखालच्या गळ्यावर असतो, इंजिन नंबर इंजिनाच्या खोक्यावर. म्हैसूरच्या या गाड्यांत दोन्ही नंबर साधारणतः एकच असत. दोन्ही जुळले आणि आर.सी. बुकाशीही जुळले, तर सांगाडा आणि इंजिन कारखान्यातून जोडीने निघाले असे समजायला आधार मिळतो. शौकीन मंडळी याच जोडीचा दाम देतात. जुळले नाहीत तर गाडी चोरीचीच असे मुळीच नाही. साठ वर्षांत कोणाचे इंजिन फुटले असेल, त्याने दुसरे बसवले असेल. परंतु बदललेल्या इंजिनाची नोंद आर.टी.ओ.त होऊन आर.सी. बुकात चढलेली असली पाहिजे. नोंद आहे तर भाव कमी करून घ्या. नोंद नाही तर सौदा सोडा.

नंबर नुसता वाचून भागत नाही. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. आर.टी.ओ. आणि विमेवाले घेतात तसा हा ठसा घरी आणून उजेडात पाहा. कारखान्याचे आकडे एका उंचीचे आणि साधारण एका खोलीचे असतात. हाताने एकेक पंच ठोकलेला आकडा किंचित वाकतो, एखादा खोल जातो, एखादा वर सरकतो. आजूबाजूचा धातू घासून सपाट केला असेल तर बोटाला खोलगट लागते. गळ्यावर पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर रिव्हेट जुने आहेत की कालपरवाचे, ते पाहा. नंबराच्या जागीच रंगाचा जाड थर असेल तर विक्रेत्यासमोर तो पुसून दाखवायला सांगा. नाराज झाला तर होऊ द्या.

आमच्या ओळखीच्या एका कारागिराची हकीकत येथे सांगितली पाहिजे. शिलाई मशीन दुरुस्तीचे त्याचे छोटे दुकान. पाच-सहा वर्षे बाजूला टाकलेली रक्कम त्याने एका परराज्यातील व्यापाऱ्याकडच्या ‘१९६६ च्या जावा’मध्ये घातली. गाडी देखणी होती. पावती साध्या कागदावर, तीही अर्ध्याच रकमेची. नोंदणीसाठी गाडी तपासणीला नेली तेव्हा चासी नंबराच्या ठशात नव्या आकड्यांखाली जुन्या आकड्यांच्या रेषा उमटल्या. गाडी तेथेच अडकली. त्याला जाबजबाबासाठी खेटे घालावे लागले, दुकान बंद ठेवावे लागले, आणि व्यापाऱ्याने ‘मी जशी घेतली तशी विकली’ म्हणून हात झटकले. त्या गरीब माणसाचा गुन्हा एवढाच की त्याने रंग पाहिला.

येथे आपल्या कारागीर बांधवांना दोन शब्द. गाडी उभी करणे ही कला आहे आणि तिची मजुरी हक्काची आहे. पण एखादा दलाल पंच आणि नंबराची चिठ्ठी घेऊन येतो, ‘उस्ताद, एवढे आकडे मारून द्या’ म्हणतो, हजार-दोन हजार जास्त देतो. हे काम घेऊ नका. नंबर खोडणे किंवा बदलणे हा सरळ गुन्हा आहे, आणि चौकशी होते तेव्हा दलालाचा फोन बंद असतो, तुमचे दुकान मात्र जागेवर असते. नंबर गंजून खराच मिटला असेल तर मालकाने आर.टी.ओ.कडे अर्ज करून परवानगीने तो पुन्हा टाकून घ्यावा. तो कागद पाहिल्याशिवाय हातात हातोडी घेऊ नये.

कागदपत्रे

कागदांतूनही गाडीचा बराच इतिहास वाचता येतो. महाराष्ट्रात एम.एच. ने सुरू होणारे नंबर १ जुलै १९८९ पासूनच्या नव्या कायद्याने आले. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरांचे नंबर असत आणि ते पुढेही चालू राहिले. तेव्हा कोणी ‘१९६८ पासून आमच्याच घरात, इथेच पासिंग झालेली’ असे सांगत असेल आणि पाटीवर एम.एच. असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा. ती बाहेरच्या राज्यातून आली असेल, किंवा पुन्हा नोंदली गेली असेल. दोन्ही गोष्टी कायदेशीर असू शकतात, पण ‘घरातलीच’ ही कहाणी मग तपासून घ्यावी लागते. आणि या बाजारात कहाणीचेही पैसे मोजले जातात.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. जुन्या मालकाने ते केलेले आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, हे पाहावे. अनेक जुन्या बुकांची नोंद संगणकात चढलेलीच नाही. अशी गाडी सरकारच्या परिवहन ॲपवर दिसत नाही, आणि हस्तांतरापूर्वी मूळ आर.टी.ओ.त जाऊन नोंद चढवून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याने करून द्यावे, सौद्यानंतर आपण करू असे म्हणू नये. परराज्यातील गाडी असेल तर फॉर्म २८ ची एन.ओ.सी. हवी. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. कधी काळी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद. चोरीच्या गाड्यांची खातरजमा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर इंजिन-चासी नंबर टाकून करता येते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि घरातल्या कोणत्याही कॉलेजच्या पोराला ते जमते.

दिल्लीकडच्या स्वस्त मालाबद्दल एक सावधगिरी. तिकडे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे निघाल्या. माल वाईट असतोच असे नाही. पण त्यातील काहींची नोंदणी तिकडेच रद्द झालेली असते. रद्द झालेली गाडी म्हणजे कायद्याच्या नजरेत लोखंड. ते लोखंडाच्या भावाने घ्यायचे.

कागद झाल्यावर गाडीला हात लावा. कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा; जिथे ते ढिले पडते तिथे पुट्टीचा थर जाड आहे, म्हणजे खाली पत्रा ठोकलेला किंवा कुजलेला. टाकीचे झाकण काढून आत बॅटरी मारा. बाहेर आरसा आणि आत गंजाचे पोपडे, अशा टाक्या आम्ही पाहिल्या आहेत. जुन्या टाकीवरच्या बारीक रेषा हाताने ओढलेल्या असत. हाताच्या रेषेला सुरुवातीला आणि शेवटी श्वास घेतल्यासारखा फरक दिसतो. स्टिकरची रेषा पट्टीसारखी सरळ आणि कडेला नखाने उचलते. क्रोमचे म्हणाल तर नव्या स्वस्त प्लेटिंगची चमक डोळ्यांत भरते पण खालचा थर पातळ असल्याने दोन पावसाळ्यांत फोड येतात. जुने क्रोम जागोजाग पिवळट, बारीक ठिपक्यांचे झालेले असेल तर ते दोष समजून लगेच उतरवू नका. जाणकार गिऱ्हाईक त्या ठिपक्यांचेच पैसे देते.

हा मुद्दा आपल्या पेंटर बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावा, कारण याने त्यांच्या धंद्याची रीत बदलते. आजवर गिऱ्हाईक आले की ‘नवीनसारखी करून द्या’ म्हणत असे. आता असेही गिऱ्हाईक येते ज्याला कारखान्याचा मूळ रंग, फिकट झालेला असला तरी, जसाच्या तसा राखायचा असतो. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही. तेव्हा काम घेण्यापूर्वी विचारा, आणि जे ठरेल ते बिलावर लिहा.

चाके पाहा. ए टाइप जावाला सोळा इंची चाके. अठरा इंची दिसली तर कोणी तरी बदलली आहेत. मूळ वीज सहा व्होल्टची, डायनामोवर चालणारी. बऱ्याच जणांनी ती बारा व्होल्टची करून घेतली आहे. वापरायला ती बरी, रात्री उजेड चांगला पडतो, परंतु पूर्ण असल म्हणून भाव सांगणाऱ्याला हा बदल दाखवून द्यावा. मात्र काढलेला डायनामो आणि दिव्याचे सामान पिशवीत घालून सोबत देत असेल तर फारसे बिघडत नाही. किक आणि गिअर यांचा एकच दांडा, हे या गाडीचे वैशिष्ट्य: आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक होते. हा दांडा सहज फिरतो का, किक मारल्यावर आपोआप जागेवर येतो का, ते स्वतः करून पाहा. गिअर दाबताच क्लच आपोआप सुटण्याची सोयही या गाडीत आहे. ती चालू असेल तर आतली मशिनरी कोणी बेफिकिरीने बसवलेली नाही असे मानायला हरकत नाही.

इंजिनाची पारख मेकॅनिकनेच करावी. फक्त एवढे पाहा की गाडी थंड असताना तुमच्यासमोर सुरू झाली पाहिजे. तुम्ही पोहोचण्याआधीच गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या, तास-दीड तास बसा, आणि मग किक मारा. टू-स्ट्रोक आहे, थोडा धूर असणारच. थांबत नाही असा दाट पांढरा धूर आणि खालून खडखड असेल तर क्रँकचे काम आले, आणि ते स्वस्तातले नाही. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला आणि पाणी धरलेल्या टाकीला मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि सील बदलून घेण्याचा खर्च हिशेबात धरावा.

सुट्या भागांबद्दल थोडक्यात. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि नाना पेठ येथे आजही शोधणाऱ्याला काही मिळते. ‘कंपनीचा सीलबंद माल’ म्हणून दाखवतात त्यातील पुष्कळसा नव्याने बनवलेला असतो. नवा भाग वापरण्यात काही वावगे नाही, आपल्याच लोकांचे हात त्याला लागलेले असतात. फक्त त्याचा दाम नव्या भागाचा द्यावा. नजर तयार करायची असेल तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी शौकीन मंडळी जावा दिवस साजरा करतात, तेथे जावे. वीस गाड्या एका ओळीत पाहिल्या की काय कुठे असायला हवे ते डोळ्यांत बसते, आणि मालकांना आपल्या गाडीबद्दल बोलायला फार आवडते.

सौदा कसा लिहावा

विक्रेते ‘ओरिजिनल’ हा शब्द मीठासारखा वापरतात. आमच्या मते तीन वेगळे माल आहेत आणि तिघांचे तीन भाव असावेत: कारखान्याचे जसेच्या तसे राहिलेले, मूळ भाग ठेवून दुरुस्त केलेले, आणि चार गाड्यांतून एक उभी केलेली. तिसरा मालही विकावा, त्यात लाज नाही, पण सांगून विकावा. कापडात ऐब असेल तर आम्ही तो गिऱ्हाईकाला उलगडून दाखवतो, मग पैसे कापतो. इसारपावतीवर इंजिन नंबर, चासी नंबर, उत्पादनाचे साल, कोणते भाग बदललेले आहेत, पूर्ण रक्कम आणि ‘आर.टी.ओ.त नावावर न झाल्यास रक्कम परत’ ही ओळ, एवढे असलेच पाहिजे. विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. अर्ध्या रकमेची पावती कोणी देऊ केली तर उठून यावे. पावती पूर्ण रकमेची मागणे यात कोणाचाही अपमान नाही.

ज्यांची गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. अशा गाडीला ‘व्ही.ए.’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जो असलपणा कालपर्यंत शौकीनांच्या बोलण्यात होता तो आता सरकारी नियमात आला आहे. साठच्या दशकातील जावा यात बसते. पहिल्या रोडकिंग २०२८ नंतर बसू लागतील. मात्र या नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला जावावर बसून दुकानाला जायचे आहे त्याने हा खर्च करू नये, साध्या नूतनीकरणावरच राहावे. आम्ही विचारलेल्यांना हाच सल्ला देतो.

गाडी नावावर झाली, घरी आली, की पहिल्याच दिवशी एक साखळी आणि चांगले कुलूप घ्या. जुन्या जावाची चावी म्हणजे खिळ्यासारखी साधी सळई. एकीची दुसरीला चालते, आणि नेटाने प्रयत्न केला तर खिळाही चालतो. कुलूप बसवण्यासाठी सांगाड्याला भोक पाडू नका. साखळी चाकातून ओवून खांबाला बांधली तरी काम होते.